मागच्या सीटचा इतिहास

राजदूत, सीडी हंड्रेड, बॉक्सर आणि स्प्लेंडर. नोकरी लागल्यापासून आजवर माझ्या नावावर या चार गाड्या झाल्या. मी जनावरांच्या दवाखान्यातला माणूस. सरकारी कागदावर आधी स्टॉकमन, पुढे पशुधन पर्यवेक्षक. हट्टा, जवळा बाजार, शिरड शहापूर या पट्ट्यातल्या लोकांच्या तोंडी मात्र ‘ढोराचा डॉक्टर’. या चारही गाड्यांवर माझा जीव आहे. त्यातली एकही वेगासाठी घेतली नव्हती, आणि आमच्या रस्त्यांवर वेग कुणाला सुचलाही नसता. त्यांच्या मागच्या सीटवर आणि कॅरिअरवर काय काय बसलं, हे आठवायला लागलं की आमच्या भागाची पन्नास वर्षं ओळीनं समोर येतात. हा इतिहास कुठल्या गॅझेटियरमध्ये सापडायचा नाही. म्हणून लिहायला घेतला.

हट्टा हे परभणी-औंढा रस्त्यावरचं, वसमत तालुक्यातलं गाव. गावात जुनी, खोल, दगडी बारव आहे आणि चहूकडं काळी जमीन. ही जमीन कापसाला, ज्वारीला, हळदीला मायेची. चाकाची मात्र वैरी. मृगाचा पाऊस पडला की गाडीवाटेवर बैलगाडी रुतायची, आऱ्यांमध्ये चिखल भरून चाक थाळीसारखं सपाट दिसायचं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो. त्या काळात सरकारी माणूस खेड्यात यायचा तो घोड्यावर, आणि पावसाळ्यात बहुधा यायचाच नाही. नंतरही पंचवीस वर्षं फार काही बदललं नाही.

बदललं ते १९७२ च्या दुष्काळात. रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांची, तिचा कायदा १९७७ साली झाला, पण दुष्काळी कामं त्याआधीच गावोगाव सुरू झाली होती. माझी आई खडी फोडायला जायची. डोक्याला पदर गुंडाळून बायका रांगेनं बसायच्या, दुपारी सुकडी मिळायची, घरी मिलोच्या लाल भाकरी व्हायच्या. मी पुढं ज्या रस्त्यांवरून गाडी चालवली, त्यांतल्या कितीतरी रस्त्यांची पहिली खडी अशा बायकांनी फोडली होती. मोटारसायकलीचा इतिहास लिहिताना लोक म्हैसूर, फरिदाबाद, पुण्याच्या कारखान्यांची नावं घेतात. ती घ्यायलाच हवीत. पण आमच्या मराठवाड्यात फटफटीला खेड्यापर्यंत आणलं ते या बायकांनी, असं माझं ठाम मत आहे.

लहानपणी आम्ही पाहिलेली फटफटी म्हणजे वसमतकडून येणाऱ्या एका डॉक्टरांची जावा. रुस्तम आणि फारूख इराणी यांनी म्हैसूरला ‘आयडियल जावा’ काढून १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ती गाडी आणली. मूळ बनावट चेकोस्लोव्हाकियाची. इंजिनाला सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन. किक मारायचा दांडा आणि गिअरचा दांडा एकच. किक मारून झाली की तोच पुढं वळवून गिअर टाकायचा. आम्ही पोरं डॉक्टरांचा तो पाय बघायला धावायचो. १९७३ पासून तिचीच येझदी झाली, आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला. जावा-येझदी माझ्या नावावर कधी आली नाही, पण मोटारसायकलीचं वेड त्या दोन सायलेन्सरांच्या आवाजानं लावलं, हे खरं.

नोकरी लागली तेव्हा सायकल होती. सत्तरीच्या दशकाच्या शेवटी परभणीत एक जुनी राजदूत मिळाली. राजदूत फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीची, मूळ बनावट पोलंडच्या एसएचएल गाडीची. १७५ म्हणून ओळखली जायची, टू-स्ट्रोक, तीन गिअर. हिंदी सिनेमातला धर्मेंद्र तिच्या जाहिरातीत असायचा. १९७३ च्या ‘बॉबी’त दिसलेली छोटी राजदूत तिची धाकटी बहीण. आमच्याकडं तिला मान मिळाला तो सिनेमामुळं नव्हे. जाड लोखंड, साधी रचना आणि पोटात कमी भानगडी. खेड्यातल्या मिस्त्रीला दोन पाने, एक पेचकस आणि पॉलिश पेपर एवढ्यावर ती उलगडता यायची. प्लग काढायचा, काजळी घासायची, पॉइंटचं अंतर जुन्या ब्लेडनं मापायचं, पुन्हा किक. पेट्रोलमध्ये ऑइल मापानं मिसळून घ्यावं लागे. जास्त झालं की धूर, कमी झालं की पिस्टनची काळजी. पेट्रोल परभणीला किंवा वसमतला मिळायचं, म्हणून घरात डबा भरून ठेवलेला असे.

पावसाळ्यात गाडी बाहेर काढण्याआधी मी पुढच्या मडगार्डच्या पट्टीचे बोल्ट सैल करून मडगार्ड वर उचलून बांधायचो. तरी अर्ध्या कोसावर चिखल भरायचाच. सीटखाली बाभळीची एक चपटी काठी कायम ठेवलेली असायची. उतरायचं, काठीनं चिखल खरवडायचा, पुढं जायचं. पूर्णा प्रकल्पाचा कालवा आला तसा पाटाच्या कडेचा मुरमाचा रस्ता तयार झाला, आणि तो आम्हा गाडीवाल्यांचा हमरस्ता झाला.

राजदूतच्या मागच्या सीटवर बसला तो बर्फ. थर्मास, त्यात बर्फ, बर्फात लशीच्या बाटल्या. पावसाळ्याआधी घटसर्प आणि फऱ्या यांची लस टोचायची असायची, आणि त्याशिवाय बुळकांडीची मोहीम. बुळकांडी म्हणजे जनावरांचा महाभयंकर रोग. तोंडात फोड, डोळ्यांतून पाणी, वास मारणारी हगवण आणि आठवड्यात दावण रिकामी. म्हातारी माणसं बुळकांडीचं साल दुष्काळाच्या सालासारखंच लक्षात ठेवायची. तिची लस पूड असायची. थंड पाण्यात कालवली की थोड्याच वेळात संपवावी लागे, नाहीतर ती मरून जाई. म्हणजे बर्फ वितळायच्या आत गाव गाठायचं, आणि लस कालवण्याआधी जनावरं एका जागी आलेली हवीत. गावात शिरताच राजदूतचा आवाज ऐकून पोरं ओरडत सुटायची, “ढोराचा डॉक्टर आला, ढोरं चावडीकडं आणा!” दवंडीची गरज पडायची नाही.

१९९५ नंतर भारतात बुळकांडीचं एकही जनावर सापडलं नाही, आणि २०११ साली सगळ्या जगातून हा रोग संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसानं पृथ्वीवरून पुसून टाकलेला हा दुसराच रोग. त्या बातमीत शास्त्रज्ञ होते, आंतरराष्ट्रीय संस्था होत्या. मला मात्र देशभरातल्या हजारो स्टॉकमनांच्या सायकली आणि फटफट्या आठवल्या. लस प्रयोगशाळेत तयार झाली, पण शेवटचे दहा-पंधरा किलोमीटर ती आमच्या मागच्या सीटवर बसून गेली. माझ्या राजदूतचा त्या कामात वाटा आहे, याचा मला आजही अभिमान वाटतो.

दुसरी गाडी १९८८ ची, हिरो होंडा सीडी हंड्रेड. सरकारी नोकराला वाहनासाठी अग्रिम मिळायचा आणि पगारातून हप्त्यांनी कापला जायचा, त्यावर घेतली. नवी कोरी गाडी घेण्याची आमच्या घराण्यातली ती पहिली वेळ. आधी औंढ्याला नागनाथाच्या पायाशी नेली, मग घरी आणली. आईनं चाकाखाली लिंबू ठेवलं आणि टाकीवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढलं.

ऐंशीचं दशक मोटारसायकलीच्या इतिहासात मोठं. जपानी कंपन्या भारतीय कंपन्यांशी भागीदारी करून आल्या. सुझुकी टीव्हीएसबरोबर, यामाहा एस्कॉर्ट्सबरोबर, कावासाकी बजाजबरोबर, होंडा हिरोबरोबर. १९८५ साली दोन गाड्या आल्या आणि देशात जणू दोन पंथ पडले: यामाहाची आरएक्स हंड्रेड आणि हिरो होंडाची सीडी हंड्रेड. कॉलेजची पोरं आरएक्सच्या मागं. एक पाय टेकवून वळवायची, आवाज ऐकवायचा, निघून जायचं. आम्ही नोकरदार आणि शेतकरी सीडीच्या मागं. ती फोर-स्ट्रोक, ९७.२ सीसी. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची कटकट गेली. जाहिरातीत लिटरला ८० किलोमीटरचा दावा होता. आमच्या रस्त्यांवर तेवढं मिळालं नाही तरी राजदूतच्या मानानं ती एका टाकीत दोन गाड्यांचं काम करायची.

तिची एक गोष्ट शहरातल्या माणसाच्या लक्षात येणार नाही. तिची चेन पूर्ण झाकलेली होती, वरून-खालून लोखंडी कव्हर. आमच्या चिखलात उघडी चेन म्हणजे रोजचं मरण. माती ग्रीसमध्ये मिसळून दाते खाऊन टाकते. झाकलेल्या चेननं माझे कितीतरी पावसाळे सुखाचे केले. पुढं उघड्या चेनच्या गाड्यांची फॅशन आली, तेव्हाही गावातले जाणते शेतकरी आधी वाकून चेन कव्हर बघायचे.

सीडीच्या मागं बसली ती नायट्रोजनची टाकी. संकरित गाई आणि कृत्रिम रेतनाचं युग आमच्याकडं आलं होतं. उरुळीकांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या ‘बाएफ’नं महाराष्ट्रात ज्याची वाट दाखवली, तेच काम सरकारी दवाखानेही करू लागले. वळूचं वीर्य बारीक नळ्यांमध्ये गोठवून उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवायचं. टाकीतलं आतलं भांडं मानेला टांगलेलं असतं. जोराचा हादरा बसला की मान तडकते, आतली थंडी पळते आणि सगळ्या नळ्या वाया. म्हणून मी सीटवर आधी गोणपाट, त्यावर जुन्या घोंगडीची घडी, त्यावर टाकी ठेवायचो, आणि जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी चारी बाजूंनी आवळायचो. टाकी घेऊन गाडी चालवणं म्हणजे तान्हं मूल मागं घेऊन चालवण्यासारखं होतं. खड्डा दिसला की आधी पाठ सावध व्हायची.

गाय सकाळी माजावर दिसली तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. ही वेळ हुकली की एकवीस दिवस गेले. गरीब माणसाच्या घरी एकवीस दिवस म्हणजे दुधाचा हिशोब. म्हणून एका किकमध्ये सुरू होणारी गाडी ही माझ्या कामात चैन नव्हती. रात्री दार वाजायचं, “सायब, गाय अडलीय, वासराचा एकच पाय भायेर आलाय, चला बरं.” मी सदरा घालेपर्यंत निरोप घेऊन आलेला माणूस गाडी अंगणातून रस्त्यावर काढून ठेवायचा. परत येताना कधी मागच्या सीटवर शेंगांची पिशवी असायची, कधी रिकामी सीट आणि मनात मेलेल्या वासराचं ओझं.

आमच्या भागाची लाल कंधारी ही गाय. तांबडी, काटक, बैल शेतात दमत नाही. संकराच्या लाटेत तिच्याकडं दुर्लक्ष होऊ नये म्हणून कंधारीच्या नळ्याही मी आग्रहानं टाकीत ठेवायचो. ज्याच्याकडं एकरभर जमीन आणि एक जोडी, त्याला दुधाआधी बैल लागतो, हे मला मागच्या सीटवर बसलेल्या शेतकऱ्यांनी शिकवलं. गावापासून शिवारापर्यंतच्या त्या वाटेवर ते माझ्या कानाशी बोलत राहायचे: पेरणी, सावकार, पोरीचं लग्न, कापसाचा भाव.

पोरीच्या लग्नावरून एक कडू गोष्टही लिहिली पाहिजे. नव्वदच्या दशकात आमच्याकडं हुंड्यात गाडी शिरली. आधी घड्याळ, सायकल, रेडिओ मागायचे. मग थेट हिरो होंडा. हुंडाबंदीचा कायदा १९६१ पासून आहे, पण बैठकीत गाडीचं नाव उघड घेतलं जायचं. मुलीच्या बापानं बैलजोडी विकून जावयाला गाडी दिल्याचं मी पाहिलं आहे; ती जोडी मीच लस टोचून जपलेली होती. ज्या वस्तूनं मला इतकं दिलं, तीच एखाद्या बापाच्या गळ्याचा फास होते, हे पाहून मला संताप यायचा आणि आजही येतो. माझ्या दोन्ही मुलांच्या लग्नात गाडी घेतली नाही. मुलाला मी बजावलं होतं, “तुझी गाडी तुझ्या कमाईची. नाहीतर बैलगाडीत वरात काढू.”

तिसरी गाडी बजाज बॉक्सर, २००० ची. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ ला सुरू झाला, तेव्हापासून मराठवाड्यातली कितीतरी पोरं तिकडं कामाला गेली, आमच्या गावचीही. त्यामुळं बजाजची गाडी घेताना ती आपल्याच पोरांनी जुळवलेली असेल, असं वाटायचं. बॉक्सर दिसायला साधी, सीट लांब, कॅरिअर भक्कम. पुढं हीच बॉक्सर आफ्रिकेत गेली आणि तिथं बोडा-बोडा म्हणून भाड्यानं माणसं वाहू लागली. नैरोबी-कंपालाच्या रस्त्यांवर तिच्यावर तिघं-चौघं बसलेले फोटो पाहिले तेव्हा मला मुळीच नवल वाटलं नाही. आमच्याकडं तिनं तेच केलं होतं.

मधल्या काळात, १ मे १९९९ ला, परभणी जिल्ह्याचे दोन भाग होऊन हिंगोली जिल्हा झाला. हट्ट्याला परभणी जवळ आणि हिंगोली लांब, पण आता बैठका हिंगोलीला. औंढ्यावरून त्या रस्त्यानं बॉक्सर महिन्याकाठी कितीतरी वेळा गेली. नव्या गाड्यांवर एमएच-२२ जाऊन एमएच-३८ ची पाटी आली. गाडीच्या पाटीवरून जिल्हा बदलल्याचं आम्हाला रोज दिसायचं.

बॉक्सरच्या कॅरिअरला घरची दुधाची कॅन लटकू लागली. दूध घालायला फटफटी हे दृश्य आधीपासून होतं. त्यासाठी बजाजची एम-८० आणि अहमदनगरला तयार झालेली कायनेटिकची लुना या गाड्यांनी मोठं काम केलं. १९७२ ला आलेल्या लुनेवर मास्तर, ग्रामसेवक आणि दूधवाले वाढले. माझ्या नोकरीच्या उत्तरार्धात ज्या घरी मी संकरित कालवडीचं रेतन केलं होतं, त्याच घरचं दूध सकाळी गाडीवरून परभणीकडं जाताना दिसायचं. माझ्या मागच्या सीटवरची टाकी आणि त्यांच्या कॅरिअरवरची कॅन, या दोन्हींमध्ये एका कुटुंबाची दहा वर्षं असायची.

बॉक्सरवर माझी बायकोही सगळ्यात जास्त बसली. एका बाजूला पाय सोडून, एका हातानं सीटमागचा दांडा धरून, मांडीवर पिशवी. चाकात साडी जाऊ नये म्हणून जाळीचा गार्ड. तिच्यासारख्याच त्या पिढीतल्या सगळ्या बायका. माहेर, बाजार, दवाखाना, लेकीचं बाळंतपण, नागनाथाची यात्रा, सगळीकडं त्या मागच्या सीटवरून गेल्या. एसटीची वाट पाहत फाट्यावर बसण्यापेक्षा ते कितीतरी बरं होतं. पण गाडी कधी निघणार, कुठं थांबणार, कधी परतणार, हे पुढं बसलेला ठरवायचा.

चौथी गाडी स्प्लेंडर, सेवानिवृत्तीच्या थोडी आधीची; आजही अंगणात उभी आहे. स्प्लेंडर १९९४ ला बाजारात आली आणि खेड्यातल्या घराचा भागच झाली. कंपनीचं नावच बदललं. हिरो आणि होंडा यांची फारकत २०१० च्या अखेरीला ठरली. पण गावात अजून कुणीही तिला हिरो होंडाच म्हणतं. २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ चे नियम लागू झाले, कार्बोरेटर गेला, सेन्सर आले. जुन्या मिस्त्रीच्या हातातली कला त्यात कमी लागते, याचं मला वाईट वाटतं. मात्र राजदूतचा धूर शेतात जाताना पोरांच्या नाकात जायचा तो आता जात नाही, हेही कबूल केलं पाहिजे.

स्प्लेंडरवर आता माझ्या शेतातल्या हळदीचे नमुने बसतात. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून गावातली पोरं नमुन्याची पिशवी घेऊन आधी मोबाइलवर भाव बघतात, मगच वसमत की हिंगोलीचा बाजार ते ठरवतात. जनावरं कमी झाली. बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला. आजारी जनावरासाठी १९६२ नंबरला फोन केला की फिरतं पथक येतं. हे सगळं चांगलंच आहे. २०२२ ला जनावरांचा लम्पी रोग आला तेव्हा आमच्या खात्यातली नवी पोरं गावोगाव लस घेऊन फिरत होती. त्यांच्याही मागच्या सीटवर थंड डबा होता.

या चारांतली आवडती कोणती, असं मला कुणी विचारलं तर मी सीडी हंड्रेडचं नाव घेतो. राजदूतनं रस्ता दाखवला, बॉक्सरनं घर वाहिलं, स्प्लेंडर सोबत आहे. पण सीडीनं अडलेल्या गाईपर्यंत मला वेळेत पोचवलं, आणि माझ्या कामात वेळ हीच सगळ्यात मोठी गोष्ट होती.

माझी नात आता स्कूटीवर परभणीला कॉलेजात जाते. तिची आजी डोळे तपासायला जायचं म्हटलं की माझ्याऐवजी तिलाच सांगते, आणि दोन्हीकडं पाय टाकून मागं बसते. निघायची वेळ त्या दोघीच ठरवतात. ही आमच्या भागातली गेल्या पन्नास वर्षांतली सगळ्यात मोठी घटना आहे, असं मी मानतो. धरणं, जिल्हा, मानांकन यांची नोंद सरकार ठेवतं. उद्या कुणी या तालुक्याचा इतिहास लिहायला बसला, तर त्यानं गावातल्या म्हाताऱ्या बायकांना आधी विचारावं: तुम्ही पहिल्यांदा गाडीवर कधी बसलात, कुठं गेलात, आणि तुम्हाला कुणी नेलं? उत्तरं लिहून घेताना त्याला वही कमी पडेल.